डाव्या चाकाचे पाच नट

ताईची गाडी पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी गाडीकडे बघायचा, मग ताईकडे, आणि मग परत गाडीकडे. दोघींचा मेळच बसायचा नाही. गाडी अमेरिकन, साठी उलटलेली, साडेपाच मीटर लांब, मागे दोन पंख, पुढे क्रोमची जाळी एवढी रुंद की पुसायला घेतली तर अर्धी सकाळ जावी. आणि ताई जेमतेम पाच फूट. ती स्टिअरिंगमागे बसली की बाहेरून फक्त पांढरा अंबाडा दिसायचा. एकदा म्हणे एका सायकलवाल्याला वाटलं, गाडी रिकामीच चाललीय, आणि तो सायकल टाकून पळाला. ही गोष्ट बारकू सगळ्यांना सांगायचा आणि दर वेळी पळणाऱ्या सायकलवाल्यांची संख्या वाढवायचा.

बारकू म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. अठ्ठावन्न वर्षांचा, अंगाने भरभक्कम, चष्म्याच्या दुकानाचा मालक, एका सुनेचा सासरा. पण ताईसाठी तो बारकूच. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्यामुळे दुकानात गिऱ्हाइकांना दरडावणारा हा बाप्या ताईच्या गॅरेजमध्ये शिरताना मात्र चपला बाहेर काढायचा आणि हात धुऊन यायचा.

गॅरेज कसलं, घराच्या कडेला पत्रे टाकून केलेली लांबट खोली. पण तिथली टापटीप बघून तोंडात बोट घालावं. ताईने चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली होती. पोट शिवायच्या आधी कात्र्या, चिमटे, बोळे मोजायचे, आणि आकडा जुळला नाही तर भल्याभल्या सर्जनलाही टाका घालू द्यायचा नाही, अशी तिची ख्याती. गाडीशीही ती तशीच वागायची. काम काढलं की पांढऱ्या कापडावर पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर ओळीने मांडायची आणि मोठ्याने मोजायची. काम संपलं की परत मोजायची. इंजिनात राहिलेलं फडकं आणि पोटात राहिलेला बोळा, दोन्ही तिच्या लेखी सारखाच गुन्हा.

गाडीही तिला हॉस्पिटलातच मिळाली. एका म्हाताऱ्या सर्जनने ती मागच्या शेडमध्ये टाकून दिली होती. सीट उंदरांनी खाल्लेल्या, इंजिन जाम. "सिस्टर, हवी तर घेऊन जा," तो थट्टेने म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई ट्रक घेऊन हजर! मग पुढची सहा वर्षं. तिने पुस्तकं मागवली, शेजारी शब्दकोश उघडून ती वाचली. कार्बोरेटर अकरा वेळा सोडवला आणि अकरा वेळा जोडला. नातेवाईक म्हणाले, बाईला वेड लागलंय, या वयात लोक नातवंडं खेळवतात. ताई पुस्तकाचं पुढचं पान उलटायची. ज्या दिवशी इंजिन सुरू झालं त्या दिवशी बारकू तिथेच होता. सहाही सिलिंडर गुरगुरायला लागले. बारकूच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई मान कलती करून ऐकत होती. ती म्हणाली, "तिसरा जरा कुरकुरतोय." बारकूला त्या दिवशी बहिणीचा जो अभिमान वाटला तो पुढे कधी कमी झाला नाही. लोक आपल्या मुलांचे पराक्रम सांगतात, हा बहिणीचे सांगत सुटायचा.

मात्र गॅरेजात त्याचा हुद्दा एकच. "पान्याला हात लावायचा नाही," ताईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तुझं काम फडकं." क्रोम बारकूने चमकवायचं, काचा त्याने पुसायच्या, चाकांवरच्या टोप्या घरी नेऊन आरशासारख्या करून आणायच्या. बारा वर्षं त्याने हे इमानेइतबारे केलं, आणि मनातल्या मनात मात्र तो कुरकुरत राहिला. अहो, माणूस दिवसभर चष्म्याच्या काड्यांचे मुंगीएवढे स्क्रू बसवतो. स्क्रू तो स्क्रू, नट तो नट. त्यात एवढं सोवळं कसलं?

आता त्या शनिवारचं सांगायला हवं.

ताईने पुढचे ब्रेक उघडून साफ केले होते आणि चाकं परत चढवली होती. बारकू पुढच्या दोन टोप्या चमकवून घेऊन आला तेव्हा ताई घरात फोनवर बोलत होती. चाकांचे नट उघडेच होते, एकेका चाकाला पाच. बारकू खाली बसला, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली.

गेले काही दिवस ताईचं काहीतरी बिनसलंय असं त्याला वाटत होतं. तिने त्याच्या बायकोला एकच निरोप दोनदा दिला होता. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला होता. डोक्यावरचा चष्मा शोधणारी माणसं बारकूच्या दुकानात रोज दहा येत, त्यांना तो हसून सोडून द्यायचा. पण ताईचं ऐकलं तेव्हा त्याला हसू आलं नाही. कारण त्यांची आई शेवटी सगळं विसरली होती. सुरुवात निरोपांपासूनच झाली होती. पुढे आईला घरची वाट आठवेना, आणि शेवटच्या वर्षी तर ती ताईलाच विचारायची, "बाई, माझी मुलगी कधी येते हो?" ताईने सहा वर्षं तिचं केलं. त्या सहा वर्षांबद्दल ती कधी बोलली नाही. एकदाच म्हणाली होती, "बारकू, माझं असं सुरू झालं तर मी कुणी सांगायची वाट बघणार नाही."

तर बारकूने विचार केला, सहज बघू तरी. भिंतीला टेकवलेला चार तोंडांचा मोठा पाना घेतला आणि उजव्या चाकाच्या नटाला लावून उजवीकडे जोर दिला. नट हलला नाही. पाचही नट पक्के. तो खूश झाला. मग डाव्या चाकापाशी गेला. पाना लावला, तसाच उजवीकडे अंगाचा भार टाकला. कट्ट आवाज झाला आणि नट फिरला!

बारकूला घामच फुटला. म्हणजे ताई या बाजूचे नट आवळायलाच विसरली. दुसरा लावला, कट्ट. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे हलले. त्याने प्रत्येकाला पाव फेरा दिला. जास्त आवळलं तर पेच मोडतो, हे चष्म्याच्या धंद्यात शिकलेलं शहाणपण. वर टोप्या ठोकून बसवल्या, पाना जागेवर ठेवला. ताई बाहेर आली तेव्हा हा फडकं घेऊन काचेवर वाफ सोडत होता. सांगावं की न सांगावं? सांगितलं तर ती खचेल. नट आपण आवळलेच आहेत, मग कशाला उगाच? त्याने मूग गिळले. बहिणीवरच्या मायेपोटीच गिळले, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

रविवारी दोघं नेहमीसारखे गावाबाहेर निघाले. तीसेक किलोमीटर झाले असतील, ताईचा चेहरा बदलला. "स्टिअरिंगमध्ये काहीतरी आहे," ती म्हणाली. बारकूला काहीच जाणवलं नव्हतं. तिने लगेच पाय काढला, वेग कमी केला, गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लागली. तेवढ्यात गाडी डावीकडे धपकन खाली बसली, लोखंड रस्त्यावर घासल्याचा कर्कश आवाज आला, आणि बारकूने पाहिलं, एक चाक त्यांना मागे टाकून पुढे निघालं होतं. अगदी सरळ, ऐटीत. त्याने चमकवलेली टोपी उन्हात लखलखत होती. चाक रस्ता सोडून गवतात गेलं आणि आडवं झालं.

दुसरं कुणी असतं तर ब्रेकवर उभं राहिलं असतं आणि गाडी उलटली असती. ताईने ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरलं आणि ती तीन चाकांची राक्षसीण घासत घासत थांबेपर्यंत ते हलू दिलं नाही. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि विचारलं, "लागलं नाही ना तुला?" बारकूने आधी स्वतःचे हातपाय चाचपले. हिच्यापुढे आपण काय आहोत, असं त्याला त्याही वेळी वाटलं.

ताई गवतात गेली, चाकाची टोपी काढली. आतून पाचही नट खळकन तिच्या हातात पडले. तिने ते उलटसुलट करून पाहिले. तुटलेले नव्हते, चिरलेले नव्हते. नुसते सुटून आले होते.

"मी चाकं चढवल्यानंतर नटांना कुणी हात लावला होता?" तिने विचारलं.

आता इथे खरं बोलायचं की नाही? बारकूच्या डोक्यात एकच होतं. मी सांगितलं की नट सैल होते, मीच आवळले, तर हिला पक्कं कळेल की ही विसरली होती.

"कोण लावणार?" तो म्हणाला.

ताईने मान हलवली. "म्हणजे मी आवळलेच नाहीत," ती म्हणाली. "आठवायला बघतेय, आठवत नाही."

बारकू गप्प बसला. त्याची ती गप्प बसण्याची तऱ्हा ताईने नीट पाहिली, यालाही तेच वाटतंय असं धरलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस बारकूला बघवेनात. गाडी टेम्पोवर चढवून घरी आणली, जॅकवर उभी केली आणि ताईने गॅरेजला कुलूप घातलं. स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या, साखर, मीठ, चहा. दाराच्या आतल्या बाजूला एक यादी लागली, गॅस, नळ, किल्ली. डॉक्टरकडे चल म्हटलं तर, "मला काय व्हायचंय ते मी सहा वर्षं रोज पाहिलंय, डॉक्टर नवीन काय सांगणार?" एका संध्याकाळी तिने घराच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या बायकोच्या हातात ठेवला. आणि मग एका हॉटेलवाल्याला फोन केला. हा गृहस्थ वर्षभर गाडीच्या मागे लागला होता. त्याला ती हॉटेलच्या दारातल्या हॉलमध्ये उभी करायची होती, इंजिन काढून, आत कुंड्या ठेवून.

"कुंड्या?" बारकू ओरडलाच. "ताई, तू त्या इंजिनासाठी सहा वर्षं रक्त आटवलंस!"

"चाक सुटून कुणाच्या अंगावर गेलं असतं म्हणजे?" ताई म्हणाली. "हॉलमध्ये उभी राहील तर कुणाला मारणार तरी नाही. मोजणाऱ्या माणसाचा आकडा चुकला की त्याने बाजूला व्हायचं असतं, बारकू. मी दुसऱ्यांना हेच सांगत आले."

हॉटेलवाल्याचा ट्रक शनिवारी चार वाजता यायचा होता. गाडी ढकलून चढवायची तर चाक लावायला हवं. पण चाक हेलकावे खाऊन निघालं होतं, त्यात नट ज्यावर बसतात त्या ब्रेकच्या ड्रममधल्या दांड्यांचे आटे, म्हणजे पेचाच्या खाचा, रगडले गेले होते. तीन दांड्या कामातून गेल्या होत्या. ताईने स्वतः बघायलाही नकार दिला. "एक दांडी आणि एक नट लेथवाल्याकडे घेऊन जा," ती म्हणाली. "तशाच तीन करून देईल. त्याला कळतं."

बारकू शनिवारी सकाळी गेला. लेथवर लोखंड कातून सुटे भाग करून देणारा हा लेथवाला म्हातारा, तेलाने काळे झालेले हात, बोलायला फटकळ. त्याने दांडी उजेडात धरली, नखाने आट्यांवरची घाण काढली आणि हसला.

"सिस्टरच्या गाडीची दिसते. डाव्या बाजूची."

"तुम्हाला कसं कळलं?"

"उलटे आटे आहेत. त्या काळी काही अमेरिकन गाड्यांना असेच यायचे, फक्त डाव्या चाकांना. चाक पुढे पळताना नट सुटू नये म्हणून. आपला साधा नट उजवीकडे फिरवला की बसतो. हा उजवीकडे फिरवला की सुटतो. न माहिती असलेला माणूस आवळायला म्हणून जातो आणि सोडवून येतो." त्याने नट दांडीवर चढवून बारकूच्या हातात दिला. "बघा की फिरवून. तुम्ही चष्मेवाले, तुमच्या हातात तर रोजचंच आहे."

बारकूने नट उजवीकडे फिरवला. एक फेरा, दोन फेरे, तीन. नट दांडीवरून सुटून त्याच्या तळहातावर पडला.

"काय हो, काय झालं?" लेथवाल्याने विचारलं. "बसा, बसा. पाणी देऊ?"

बारकू स्टुलावर बसला तो दांड्या तयार होईपर्यंत उठला नाही. त्याचं डोकं आता लख्ख चालत होतं आणि चाललं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटत होतं. ताई काही विसरली नव्हती. तिने पाचही नट आवळले होते. बारा वर्षं ज्या पान्याला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं, तो घेऊन या शहाण्याने ते सोडवले होते. उजवीकडचे हलले नाहीत, कारण ते पक्के होते. डावीकडचे हलले, कारण तेही पक्के होते आणि हा गाढव ते उलटे फिरवत होता! वर रस्त्यावर उभं राहून बहिणीच्या तोंडावर खोटं बोलला. पंधरा दिवस ती डब्यांवर चिठ्ठ्या लावत होती आणि हा बघत होता.

परत येताना एक नीच विचार त्याला शिवून गेलाच, खोटं कशाला सांगायचं. गाडी आज चार वाजता जाणार. कुणाला काही कळणार नाही. सांगितलं तर ताई आयुष्यात परत फडकंसुद्धा हातात देणार नाही. बरोबरच आहे तिचं, दोघांचाही जीव गेला असता. त्याने दोन चौक हा विचार केला. तिसऱ्या चौकात त्याला तो आठवला, मीठ लिहिलेला डबा. रोज मीठ घालणारी बाई रोज ती चिठ्ठी वाचत असेल, आणि दर वेळी तिला आई आठवत असेल. बारकू चालता चालता पळायला लागला. या देहयष्टीचा माणूस पळताना बघून लोक बाजूला होत होते.

ताई गॅरेजमध्ये होती. पांढऱ्या कापडावर सगळी हत्यारं मांडून ती हॉटेलवाल्यासाठी यादी लिहीत होती.

"ताई," बारकू धापा टाकत म्हणाला, "मला तुला काहीतरी सांगायचंय. आधी तो हातोडा तुझ्यापासून लांब सरकव."

"काय झालं? दांड्या मिळाल्या नाहीत?"

मग बारकूने सांगितलं. शनिवार, फोन, पाना, सगळं. आपण काय समजलो, का गप्प बसलो, रस्त्यावर खोटं का बोललो, लेथवाला काय म्हणाला. मान खाली घालून, एका दमात. सांगून झालं आणि तो मार खायला उभा राहिलेल्या पोरासारखा उभा राहिला.

ताईने पेन खाली ठेवलं.

"कुठल्या बाजूला फिरवलेस?" तिने विचारलं. आवाज अगदी शांत, ऑपरेशनच्या खोलीतला.

"उजवीकडे."

"सहज फिरले?"

"छे. आधी हललेच नाहीत. सगळं अंग टाकलं, तेव्हा कट्ट झालं."

"पाचही?"

"पाचही."

"एखादा जरा ढिला, एखादा घट्ट, असं काही?"

बारकूने डोळे मिटून आठवलं. ताईने आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्याच्या हातांना काय जाणवलं ते विचारलं होतं, आणि त्याला चुकायचं नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "पाचही एकसारखे. तेवढाच जोर, तसाच आवाज."

"एकसारखे," ताई म्हणाली.

तिने हात टेकून स्टूल धरलं. मग तिचा चेहरा असा काही वाकडा झाला की बारकू घाबरला. तिला हसू येत होतं की रडू, हे तिलाही कळत नसावं. "गाढवा," ती म्हणाली. "अरे मूर्खा. दोघंही मेलो असतो ना रे! बारा वर्षं सांगतेय, पान्याला हात लावू नकोस! पंधरा दिवस मी झोपले नाहीये, बारकू. रोज सकाळी उठून आधी स्वतःचं नाव मनात म्हणायचे, येतंय का बघायला." आणि मग चौतीस वर्षांत कुणासमोर न रडलेली ती बाई पदर तोंडावर धरून हमसून हमसून रडायला लागली. बारकूही रडला. त्याला आवरायला तिथे कुणी नव्हतं.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. हॉटेलवाला आला होता, ठरल्या वेळेच्या आधीच. परत हॉर्न वाजला.

"मी जाऊन सांगतो, गाडी विकायची नाही म्हणून," बारकू डोळे पुसत निघाला.

ताईने त्याचा हात धरला.

"थांबेल तो," ती म्हणाली. "बस इथे. किती घट्ट होते म्हणालास?"

"सांगितलं ना ताई, सगळं अंग टाकलं तेव्हा..."

"परत सांग," ताई म्हणाली. "सावकाश सांग."